वाफेचं मशीन

ठाण्याच्या आरोग्य कार्यालयात संचिताचं काम एकच: नवं संशोधन वाचायचं, लोकांसाठीच्या पत्रकांमधला चुकीचा ठरलेला सल्ला खोडायचा. आज कोरोनाच्या पत्रकाची पाळी होती. 'तीनदा वाफ घ्या' या ओळीवर तिने रेघ मारली. वाफेने कुणी वाचल्याचा पुरावा कुठल्याच अभ्यासात नव्हता. डोंबिवलीला घरी पोचली तर आई वाफेचं मशीन पुसत होती. दुसऱ्या लाटेत बेड मिळेना म्हणून बाबा घरीच होते. गेले त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. वाफ देता आली नाही, हे आईला सलत राहिलं. पुढच्याच महिन्यात तिने इन्व्हर्टर बसवला. संचिताने पत्रक पुढे केलं. आईने चष्मा लावून ती खोडलेली ओळ दोनदा वाचली. "म्हणजे लाइट असती तरी?" "काही फरक पडला नसता." आईने मशीन बाजूला ठेवलं. "हे आधी का नाही गं वाचलंस?"