पाचव्या टप्प्यातली शिंक

मेव्हण्याने आणून दिलेल्या विमानं पाडायच्या गेमच्या मशीनवर घड्याळजी नेहमी पाचव्या टप्प्यातच मरायचा. आपलं चुकतं कुठे ते कळावं म्हणून आज त्याने मोबाइलवर स्वतःच्या हातांचा व्हिडिओ काढला, आणि नेमका आजच टप्पा पार झाला.

मग व्हिडिओत बघतो तर काय! ऐन गोळ्यांच्या माऱ्यात त्याला शिंक आली होती. दोन्ही हात तोंडावर होते, आणि जॉयस्टिक आपली आपणच डावीकडे कलत होती.

"तुझ्या भावाने यात काही कारागिरी केलीय का गं?" त्याने बायकोला विचारलं.

"त्याला बल्ब तरी बदलता येतो का?"

घड्याळजीने मशीनची वायर उपटली. पडदा काळा झाला. जॉयस्टिक मात्र पुन्हा सावकाश डावीकडे कलली.

सवयीने तोही डावीकडे झुकला.

उजव्या कानाजवळून काहीतरी सणसणत गेलं.