वरच्या चंद्रपुरातल्या कुरडया

देवाजीनं गच्चीवर जुनं धोतर अंथरलं आणि कुरडयांचा सोऱ्या धुऊन ठेवला. नवं चंद्रपूर उंच खांबांवर, पार ढगांत उभं होतं. तिथल्या ओल्या गारव्यात कुरडया वाळत नसत, म्हणून त्याची बायको शेवंता दर उन्हाळ्यात गव्हाचा चीक घेऊन लिफ्टनं खाली, भट्टीसारख्या तापलेल्या जुन्या गावात यायची. देवाजीच्या हृदयाला वरची विरळ हवा सोसत नव्हती, म्हणून तो खालीच राहिला होता. ती सोसावी म्हणूनच सोमवारी ऑपरेशन होतं. त्यातून तो उठेलच असं डॉक्टर सांगत नव्हते. पण उठला, तर तोही वर राहायला जाणार होता.

शेवंता आली आणि डबा ठेवून पायरीवरच टेकली.

"दे चीक. ऊन चढायच्या आत घालून टाकू."

"चीक नाही आणला."

त्यानं झाकण काढलं. आत पांढऱ्या, कडक कुरडया होत्या.

"विकतच्या?"

"वरच घातल्या. शेजारीण म्हणे, घालून तं पाहा." तिनं पदरानं मान पुसली. "एका दिवसात वाळल्या. वरही आता असंच तापतं."

देवाजीनं एक कुरडई मोडली. ती कट्कन तुटली. मग धोतराची घडी घालत त्यानं विचारलं, "मग सोमवारचं डॉक्टरला काय सांगू?"