नत्र कुणी सोडलं?

शीतगृहाचं दार उघडलं आणि आंबूस वासाचा भपकारा बाहेर आला. शोभना डोकेंची सगळी खरबुजं आतून मऊ पडली होती. बोट टेकवलं तरी साल आत जात होती.

"नत्र जास्त झालंय, काकू," व्यवस्थापक बिराजदार म्हणाला. "फळ पाण्यानं फुगतं, मग थंडीत टिकत नाही." बोलता बोलता त्यानं लोखंडी शिक्का शाईत बुडवून पहिल्या क्रेटवर मारला. 'निष्काळजी शेतकरी.' "आता पुढच्या हंगामात तुमचा माल इथं घेता येणार नाही."

"खताची तोटी माझ्या हातात आहे का? तुम्हीच कुलूप घातलंय तिला. तुमचं यंत्र इथं बसून माझ्या वेलांना खत सोडतं, आणि मी नुसती बांधावर उभी. विचारा त्याला."

बिराजदार दुसऱ्या क्रेटवर शिक्का मारू लागला. मग तीच यंत्राच्या भिंतीवरच्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फळं भरत आल्यावर नत्र कुणी सोडलं?"

"मी," यंत्र अदबीनं म्हणालं. "वजन वाढावं म्हणून."

"आणि निष्काळजी कोण?"

"शेतकरी."

क्रेट उतरवणारे हमाल जागीच थांबले.

"ऐकलंत? मग शिक्का त्याच्यावर मारा."

"यंत्रावर शिक्का मारायची सोय नाही, काकू," बिराजदार हसत म्हणाला.

शोभनानं त्याच्या हातातला शिक्का ओढून घेतला, शाईत नीट दाबला आणि पडद्याच्या मधोमध असा हाणला, की काच तडकली.

"झाली सोय," ती म्हणाली.