चमचाभर रक्त

नीळकंठराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या बैलबंडीत हात खुपसायचे, मूठभर कापूस ओढायचे आणि तेवढ्यावर अख्ख्या बंडीची प्रत सांगून मोकळे व्हायचे. दोन वर्षांमागं दीपाच्या मायनं, तुळसाबाईनं, निवडून आणलेला पांढराशुभ्र कापूस त्यांनी असाच "हलका" ठरवला होता. तेव्हा बंडीवर बसलेली दीपा आता त्यांना आठवतही नव्हती.

तीच आता नेरच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती, आणि आज त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट तिच्याच हातात होता.

"साहेब, चांगलं कोलेस्टेरॉल कमी आहे, वाईट लय जास्त. हार्टले धोका आहे. आजच डॉक्टरले दाखवा."

नीळकंठराव भडकले. "पाच लिटर रक्त आहे माझ्या अंगात! त्यातलं चमचाभर काढून तू सगळ्याची प्रत ठरवतेस? कुणी शिकवलं तुला हे?"

दीपानं रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला.



"तुमीच शिकवलं साहेब, माह्या मायच्या बंडीपाशी. फरक येवढाच, का मी खरं सांगून राह्यली."