बापाची गोळी

लेकीनं डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवली; मागं तिची आई, साळूबाई, उभी होती. शरीराची प्रतिकारशक्तीच पोरीच्या डोळ्यांवर उलटली होती. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. "सूज पुन्हा चढलीय. कोलेस्टेरॉलची गोळी सुजेवर लागू पडतेय वाटत होतं. रोज घेतेस ना, अपेक्षा?" "आई देती ते सगळं घेते." साळूबाईला नवऱ्याचा औषधाचा डबा आठवला. तीच गोळी नवऱ्याला हृदयासाठी होती. औरंगपुऱ्यातल्या औषधवाल्यानं बापाची गोळी चुकून लेकीच्या पिशवीत टाकली असं समजून तिनं ती पाकिटं नवऱ्याच्या डब्यात सरकवली होती. "मीच बंद केली, बाई. म्हाताऱ्याची गोळी तरण्या पोरीला कशाला, म्हणलं." दाराशी उभ्या बापानं खिशातल्या पाकिटातली गोळी काढून लेकीपुढं धरली. "घे, माय." अपेक्षानं हात पुढं केला, गोळीपासून वीतभर लांब, रिकाम्या हवेत.