पत्राचा कोपरा

इस्लामपूरच्या पलीकडल्या त्या खेड्यातलं पोस्ट म्हणजे एक चिंचोळी खोली. म्हणून गावागावांची पत्रं लावायचं खणांचं कपाट बिजागरीवर बसवलेलं. काम झालं की मिटून भिंतीला लावायचं.

लढाईचं साल होतं. पोस्टमन नाथाजी त्या महिन्यात पुरता हबकला होता. धड पत्रं खणात टाकावीत, तर काढताना एखाद्याचा कोपरा फाटलेला. तुकडा मात्र कुठंच सापडत नसे. कोपरा फाडायची रीत मरणाच्या पत्राची, आणि ही तर खुशालीची पत्रं! पण तसलं पत्र ज्या घरी गेलं, तिथं आठवड्यात पलटणीची तार आली. तीनदा झालं तसं.

आज थैलीतून त्याच्याच पोराचं, लढाईवर गेलेल्या मानसिंगचं पत्र निघालं. चारी कोपरे शाबूत.

"मास्तर, ह्ये मी खणात ठेवत न्हाई."

"नगंच ठेवू. खिशात घाल," म्हणत पोस्टमास्तरांनी रिकामं कपाट मिटलं आणि कडी घातली.

नाथाजीनं खिशावर हात दाबून धरला.

तेवढ्यात मिटलेल्या कपाटात कागद फाटला. दोघांनीही ऐकलं.

मास्तरांनी कडी काढली. नाथाजीच्या गावच्या खणात कागदाचा तिकोनी तुकडा पडला होता, आणि त्यावर पलटणीच्या शिक्क्याची कड होती.

"नाथाजी, पत्र बघ रं."

नाथाजीचा हात काही केल्या खिशावरून निघेना.