विलोच्या आतली कात्री

यांगचौ शहरात सूयुनच्या अंगणात विलोचं एक बुटकं झाड होतं, फांद्या पार जमिनीला टेकलेलं. दर वसंतात ती ते बाहेरून छाटायची आणि तिचा नवरा पेवन आतून. गेल्या थंडीत पेवन वारला.

यंदा ती एकटीच कात्री घेऊन उभी राहिली. पहिली फांदी कापली, कच्. पानांच्या पडद्याआडून लगेच दुसरं कच् आलं.

तिने वाकून पाहिलं. आत बुंधा होता. पाय नव्हते.

"लागलात का दोघं कामाला?" भिंतीपलीकडून रुआनकाकूंनी सवयीने विचारलं.

"आळशी आहे तो, काकू. थकेल एवढ्यात," सूयुन म्हणाली.

तो थकावा असंच तिला वाटत होतं. पडदा उरला, तर आत तो आहे असं म्हणता येणार होतं. तिने आपली कात्री गवतात ठेवून दिली.

आतली थांबली नाही. एकेक फांदी तिच्या पायाशी पडत गेली. पडदा विरळ झाला, तरी आत कुणी दिसेना. शेवटी तिच्या चेहऱ्यासमोर एकच फांदी राहिली, आणि तिच्या डोळ्याला लागू नये म्हणून ती कापण्याआधी कुणीतरी हलकेच बाजूला धरली.